विधवा क्लिको आणि मंडळी

2010 सालचा जुलै महिना. स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या बाल्टिक समुद्रात ऑलंड नावाची बेटं आहेत. तिथे साधारण 50 मीटर खोल पाण्यात काही पाणबुड्यांना एका जुन्या लाकडी जहाजाचे अवशेष सापडले. आत बाटल्या होत्या. एक बाटली वर आणली, तिचं वय किती असेल याचा अंदाज नव्हता, तरी मंडळींनी चव घेऊन पाहिली. शॅम्पेन निघाली! सुमारे 170 वर्षं समुद्राच्या तळाशी, काळोखात आणि 4 अंशांच्या आसपासच्या गारठ्यात पडून राहिलेली, आणि तरीही पिण्याजोगी.

एकूण 168 बाटल्या निघाल्या. लेबल एकीवरही नव्हतं, त्यामुळे ओळख पटवायची ती बुचांवर डागलेल्या खुणांवरून. काही बाटल्या जुग्लार या आता बंद पडलेल्या पेढीच्या, चार हाइडसिकच्या आणि चाळीसहून जास्त व्हव क्लिकोच्या. पुढच्याच वर्षी त्यातली व्हव क्लिकोची एक बाटली लिलावात 30 हजार युरोला गेली.

‘व्हव’ हा फ्रेंच शब्द. अर्थ साधा आहे, विधवा. म्हणजे बाटलीवरचं नाव झालं ‘विधवा क्लिको’. आपल्याकडे हा शब्द दुकानाच्या पाटीवर घालायची कल्पनाही करवत नाही. लग्नाच्या मांडवात, बारशाला, गृहप्रवेशाला ज्या शब्दाला लोक दूर ठेवत आले, तो शब्द जगातल्या सगळ्यात आनंदाच्या प्रसंगी उघडल्या जाणाऱ्या बाटलीवर दोनशे वर्षं मिरवतोय. ही बाई कोण होती, ते सांगण्यासाठी हा लेख.

बार्ब-निकोल पोंसार्दँचा जन्म 16 डिसेंबर 1777 रोजी फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या रँस शहरात झाला. रँस म्हणजे ज्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक होत, ते गाव. वडील निकोला पोंसार्दँ कापडाचे बडे कारखानदार. मुलगी संन्यासिनींच्या शाळेत शिकायला होती. ती अकरा वर्षांची असताना क्रांती झाली. श्रीमंतांच्या पोरी आणि मठ, दोन्ही एकदम धोक्यात आले. घरच्या शिंपिणीने तिला गरीब शेतकऱ्याच्या मुलीचे कपडे चढवून शाळेतून गुपचूप बाहेर काढलं, अशी गोष्ट सांगतात. खरी असेल किंवा मागाहून रचलेली असेल, पण त्या दिवसांचं चित्र त्यात बरोबर उतरलंय.

तिचे वडील मात्र वाऱ्याची दिशा ओळखणारे गृहस्थ. राजाचे दिवस होते तेव्हा ते राजनिष्ठ, क्रांती होताच जाकोबँ क्लबात दाखल, आणि पुढे नेपोलियनच्या राज्यात रँसचे महापौर आणि वर ‘बॅरन’ही. त्यांना संधिसाधू म्हणायचं तर म्हणा. पण ज्या काळात माणसांची डोकी उडत होती त्या काळात त्यांनी अख्खं कुटुंब सहीसलामत राखलं, हेही खरं. काळ बदलायच्या आत आपण हलायचं, ही गोष्ट मुलीने घरातच पाहिली होती.

1798 च्या जून महिन्यात तिचं लग्न फ्रान्स्वा क्लिकोशी झालं. तोही कापडवाल्याचाच मुलगा. चर्चवर अजून बंदीचं सावट होतं, म्हणून धर्मगुरूंच्या साक्षीने लग्न लागलं ते एका तळघरात, असं त्या घरात सांगत आले आहेत. पुढचं सगळं आयुष्य जिने तळघरांत काढलं तिच्या लग्नाला ही जागा शोभलीच म्हणायची. पुढच्या वर्षी मुलगी झाली, क्लेमांतीन. तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

फ्रान्स्वाचे वडील फिलिप क्लिको यांचा मूळ धंदा कापडाचा आणि सावकारीचा. द्राक्षमळे होते म्हणून 1772 पासून जोडीला वाइनचा व्यापार. मुलाला मात्र वाइनचंच वेड लागलं. तो गिऱ्हाइकं शोधत युरोपभर हिंडला. लुई बोन नावाचा एक पट्टीचा विक्रेता त्याने मिळवला. नवरा-बायको मिळून मळे बघत, पिंपं बघत, धंदा शिकत. धंदा काही फारसा चालला नाही; सतत लढाया, बंद बंदरं, आणि त्यात हवामानाचा लहरीपणा. 1805 च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्स्वाला ताप भरला आणि काही दिवसांत तो गेला. विषमज्वर असावा. धंद्याच्या काळजीने त्याने जीव दिला अशीही कुजबुज गावात झाली.

बार्ब-निकोल 27 वर्षांची होती. पदरात सहा वर्षांची पोर.

सासऱ्यांनी मुलाच्या दुःखात वाइनचा धंदा गुंडाळायचं ठरवलं. इथे त्या काळचा फ्रेंच कायदा समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. 1804 च्या नेपोलियनच्या संहितेनुसार लग्न झालेली बाई नवऱ्याच्या हुकमतीखाली. त्याच्या संमतीशिवाय तिला मालमत्तेचे व्यवहार करता येत नसत. कुमारिकेवर बापाची सत्ता. मात्र विधवा स्वतःच्या नावाने करार करू शकत होती, हिशेब ठेवू शकत होती, कोर्टात उभी राहू शकत होती. थोडक्यात, चांगल्या घरातल्या बाईला सहीचा खरा हक्क मिळायचा तो नवरा गेल्यावर. हा केवढा क्रूर सौदा आहे! पण बार्ब-निकोलने तो उघड्या डोळ्यांनी स्वीकारला. सासऱ्यांकडे जाऊन तिने पेढी आपल्या हाती मागितली.

सासरे नाही म्हणाले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी स्वतःचं भांडवल घातलं, तिनेही आपल्या वाट्याचा पैसा घातला, पण अट अशी की अलेक्झांद्र फुर्नो या अनुभवी वाइनवाल्याबरोबर भागीदारीत आधी काम शिकायचं. भागीदारीची मुदत चार वर्षं होती. त्या चार वर्षांत इंग्लंड आणि नेपोलियन एकमेकांची बंदरं अडवत होते, माल वाटेतच अडकून सडत होता. मुदत संपली आणि फुर्नो बाजूला झाले. 1810 मध्ये तिने पेढीला नवं नाव दिलं, व्हव क्लिको-पोंसार्दँ. पहिला शब्द तिची कायदेशीर ओळख, दुसरा सासरचा, तिसरा माहेरचा.

इथून पुढे त्यांना अहोजाहो करावंसं वाटतं.

आता थोडं शॅम्पेनविषयी. मिस्सेतला द्राक्षारस आपल्याला माहीत असतो, तो शांत असतो. शॅम्पेनला बुडबुडे येतात कारण तयार वाइन बाटलीत भरताना तिच्यात साखर आणि यीस्ट घालतात. बंद बाटलीत ती पुन्हा आंबते आणि तयार झालेला वायू बाहेर जाऊ न शकल्याने वाइनमध्येच मुरतो. आतला दाब मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त होतो. त्या काळच्या काचेला हा दाब सोसत नसे. एक बाटली फुटली की तिच्या धक्क्याने शेजारच्या फुटायच्या, आणि तळघरातले कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून काम करायचे. दों पेरिन्यों या बेनेडिक्टाइन संन्याशाने शॅम्पेन शोधली असं सर्रास सांगतात, पण त्या बिचाऱ्याचा बराच वेळ हे बुडबुडे होऊ नयेत म्हणूनच खर्ची पडला होता.

दुसरी डोकेदुखी गाळाची. काम संपल्यावर यीस्ट मरतं आणि बाटलीत बसतं. त्याच गाळावर वाइन दोन-तीन वर्षं, कधी दहा-दहा वर्षं निजून राहिली की तिला खोल चव येते, भाजलेल्या पावासारखा, सुक्या मेव्यासारखा वास येतो. म्हणून गाळ हवाच. पण प्याल्यात तो आला की वाइन दिसते ताकाच्या निवळीसारखी. मग गाळ काढायचा कसा? एका बाटलीतून दुसरीत ओतलं तर बुडबुडेच उडून जातात. एकेक बाटली हलवून, झटकून काढायचं तर वर्ष पुरत नाही. मागणी वाढली की हा प्रश्न गळ्याशी यायचा.

मादाम क्लिकोंनी यावर काढलेला तोडगा ऐकायला अगदी घरगुती आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाला भोकं पाडून घेतली आणि त्यात बाटल्या उलट्या, तिरप्या खोवल्या. रोज प्रत्येक बाटली थोडी फिरवायची, थोडी हलवायची. सहा-आठ आठवड्यांत सगळा गाळ घरंगळत बुचाशी गोळा होतो. मग बूच उडवलं की आतल्या दाबाने गाळ झटक्यात बाहेर पडतो, वाइन जवळजवळ तशीच राहते. थोडी साखर घातलेली वाइन वरून ओतायची आणि नवं बूच ठोकायचं. वर्ष साधारण 1816. या कामात त्यांचा तळघर-प्रमुख आंत्वान म्युलर बरोबरीने होता. टेबलाला तिरकी भोकं पाडायची युक्ती त्याची, असं बरेच जण मानतात, आणि ते श्रेय त्याला द्यायला हवं. पण हा प्रयोग करू देणारी, त्यात पैसा घालणारी आणि तो सिद्ध झाल्यावर सगळ्या तळघराची रीत बदलणारी मालकीण नसती तर ते टेबल स्वयंपाकघरातच राहिलं असतं. विशेष म्हणजे कामगारांनी हे गुपित बरीच वर्षं फोडलं नाही. स्पर्धक चरफडत राहिले. आज बरंचसं काम यंत्रं करतात, पण लाकडी फळीत बाटल्या खोवून हाताने फिरवणारे लोक रँसमध्ये अजून आहेत.

टेबलाच्या दोन वर्षं आधीची एक गोष्ट मात्र खास त्यांची एकटीची. 1811 साली आकाशात एक प्रचंड धूमकेतू आला. जवळजवळ 260 दिवस तो नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. आपल्याकडे शेंडेनक्षत्र म्हणजे अपशकुन. तिकडच्या द्राक्षवाल्यांनी मात्र त्या वर्षीचं अप्रतिम पीक त्याच्याच नावावर जमा केलं आणि वाइनला धूमकेतूची वाइन म्हणू लागले. मादाम क्लिकोंच्या तळघरात ही वाइन मुरत पडली होती, पण विकायची कुणाला? त्यांचं मोठं गिऱ्हाईक रशिया, आणि रशियाशी नेपोलियनचं युद्ध. फ्रेंच बाटल्यांना तिथे बंदी.

1814 मध्ये नेपोलियन हरत आला आणि रशियन फौजा थेट रँसमध्ये शिरल्या. सैनिक तळघरांतली वाइन पीत सुटले. आज फुकट पिणारे हे लोक उद्या पैसे मोजून मागवतील, असा विचार मादाम क्लिकोंनी केला, असं सांगतात. हीच गोष्ट त्यांचे प्रतिस्पर्धी मोएत यांच्याही नावावर सांगतात, तेव्हा ती कुणाची हे सोडून देऊ. पुढचं मात्र कागदोपत्री आहे. नेपोलियन पायउतार झाला, तहाची शाई वाळते न वाळते तोच त्यांनी रूआँच्या बंदरात एक डच जहाज भाड्याने घेतलं. त्यात 10,550 बाटल्या चढवल्या आणि सोबत लुई बोनला पाठवलं. रशियातली बंदी अजून उठली नव्हती, म्हणून जहाज सोडलं प्रशियातल्या क्योनिग्सबर्गला, रशियाच्या उंबरठ्यावर. हे सगळं गुपचूप, इतर व्यापाऱ्यांना पत्ता लागू न देता. बाटल्या वाटेत फुटल्या असत्या, माल जप्त झाला असता, किंवा तह मोडला असता, तर पेढी संपलीच होती.

जून महिन्याच्या उन्हाळ्यात बाटल्या जहाजाच्या पोटात. बोनचा जीव टांगणीला. क्योनिग्सबर्गला उघडून पाहिलं तर सगळं शाबूत. बातमी फुटली आणि गिऱ्हाइकं बोनच्या मुक्कामावर तुटून पडली. स्पर्धकांचा माल निघायच्या आत त्यांची दुसरी खेप रशियाच्या वाटेला लागली होती. काही वर्षांतच रशियात शॅम्पेन म्हणजे क्लिको असं समीकरण होऊन बसलं. पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’मध्येसुद्धा या विधवेच्या वाइनचा उल्लेख येतो. मादाम क्लिकोंनी स्वतः मात्र रशिया कधी पाहिला नाही. त्या रँसमधून पत्रं लिहीत राहिल्या.

ती पत्रं, त्या वह्या, हिशेब पेढीने जपून ठेवलेत. बाल्टिकच्या तळाशी सापडलेल्या वाइनची शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा ही पत्रं कामाला आली. समुद्रातल्या वाइनमध्ये लिटरमागे सुमारे 150 ग्रॅम साखर निघाली. आजच्या नेहमीच्या शॅम्पेनमध्ये ती दहा-बारा ग्रॅमच्या आत असते, म्हणजे आपल्या दृष्टीने ते सरबतच. पण रशियन गिऱ्हाइकांना लिटरमागे 300 ग्रॅम लागायचे! त्यामुळे तो माल बहुधा रशियाला निघालेला नव्हता, जर्मनीकडचा असावा, असा तर्क अभ्यासकांनी मांडला. वाइनला आधी ओल्या केसांसारखा, जनावरांसारखा वास आला आणि प्याला हलवल्यावर धूर, चामडं, मग फळंफुलं असं काय काय उमलत गेलं. 2014 साली पेढीने आपल्या 350 बाटल्या त्याच समुद्रात मुद्दाम 40 मीटर खाली नेऊन ठेवल्या. तिथे वाइन कशी वयात येते ते बघायला.

आता मादाम क्लिकोंच्या चुका. नुसतं यश सांगितलं तर माणूस कळत नाही. 1820 नंतर हातात पैसा खेळू लागला तेव्हा त्यांनी बँक काढली. गेओर्ग केसलर नावाच्या जर्मन सहकाऱ्यावर भरवसा टाकला. पुढे तो वेगळा झाला आणि त्याने 1826 मध्ये एसलिंगेनला स्वतःची पेढी काढली, जी जर्मनीतली बुडबुड्यांच्या वाइनची सगळ्यात जुनी पेढी समजतात. बँकेचं प्रकरण मात्र अंगाशी आलं. 1828 मध्ये पॅरिसमधली एक बँक बुडाली आणि तिच्यात यांचे पैसे अडकले. त्या वेळी एदुआर वेर्ले या तरुण नोकराने स्वतःची मालमत्ता गहाण टाकून पेढी वाचवली. बाईंनी बँक सोडली, कापड सोडलं, फक्त वाइन ठेवली. 1831 मध्ये वेर्ले भागीदार झाला आणि दहा वर्षांनी, वयाच्या चौसष्टीला, त्यांनी पेढी त्याच्या हाती सोपवली.

मला अडखळायला होतं ते इथे. क्लेमांतीन कुठे गेली? 1817 मध्ये तिचं लग्न लुई द शेव्हिन्ये या सरदारपुत्राशी झालं. जावई दिसायला देखणा, कविता करणारा, आणि सासूबाईंचे पैसे उडवण्यात तरबेज. मादाम क्लिकोंना तो फार आवडायचा. त्याची देणी त्या भागवत राहिल्या, पण पेढीच्या दारापासून त्याला चार हात लांब ठेवलं, हे शहाणपणाचं होतं. मुलीलाही लांब ठेवलं. ज्या बाईने सासऱ्याच्या बैठकीत जाऊन धंदा मागून घेतला, तिने स्वतःच्या लेकीला वहीखात्याच्या जवळ फिरकू दिलं नाही. तिच्यासाठी सरदाराचं घर, किताब आणि रेशीम पुरेसं मानलं. कदाचित आपण भोगलं ते लेकीने भोगू नये, असं आईला वाटलं असेल. कदाचित कायदा त्यांना पक्का ठाऊक होता: क्लेमांतीनला नवरा होता, म्हणजे तिच्या हाती दिलेलं सगळं जावयाच्या हाती गेलं असतं. दुसरं कारण मला जास्त पटतं, आणि ते जास्त बोचतं.

स्वतः बाईंनी पुन्हा लग्न केलं नाही. नाव, पैसा, वय, सगळं अनुकूल असताना केलं नाही. लग्न केलं असतं तर ‘व्हव’ गेलं असतं आणि त्याबरोबर सहीही.

शेवटची वर्षं त्यांनी बुरसो इथल्या वाड्यात काढली. वाडा कसला, परीकथेतला किल्लाच. नातीच्या सासरला शोभेल असा बांधून घेतलेला. 29 जुलै 1866 रोजी तिथेच त्या गेल्या. वय 88. तोवर पेढी वर्षाला साडेसात लाखांच्या घरात बाटल्या विकत होती. तो ओळखीचा पिवळा लेबलाचा रंग वेर्लेने 1877 मध्ये नोंदवून घेतला, बाईंच्या पश्चात.

पेढी वेर्लेच्या वारसांकडे राहिली. वाडा मात्र गेला पणतीकडे, ॲनकडे. पणजीचा हिच्यावर फार जीव. म्हातारपणी तिने या पोरीला एक लांब पत्र लिहिलं आणि तिच्यात आपला धीटपणा उतरल्याचं त्यात बोलून दाखवलं. ॲन पुढे युझेसची डचेस झाली. मूर्ती घडवायची, शिकारीला जायची. 1898 मध्ये मोटार चालवायचा परवाना काढणारी ती फ्रान्समधली पहिली बाई, आणि त्याच वर्षी भरधाव गाडी हाकल्याबद्दल दंड भरणारीही तीच. विवाहित बाईची कमाई तिच्या स्वतःच्या ताब्यात राहावी, यासाठी झगडणाऱ्या मंडळींना तिने आपलं नाव आणि वजन दिलं. तो कायदा फ्रान्समध्ये 1907 साली झाला.